कार्ड क्रमांक एकशे बारा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुक्या सुंगटांच्या राशीशेजारी
उबाल्द गंजलेला बिस्किटांचा डबा मांडून बसतो.
एका कार्डाचे पन्नास. चर्चचं असेल तर शंभर.
मी चर्च घेत नाही.
मला हव्या असतात कचेऱ्या, धक्के, बाजाराची छपरं,
जिथं पाडताना कोणी रडलं नाही अशा इमारती.

पस्तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले.
दुसऱ्यांच्या परसात वाकून आकडे लिहायचे,
काच धुरकट असेल तर अंगठ्यानं पुसायचे.
तीच सवय आता कार्डांवर चालते.

पाठ आधी बघावी.
मधे उभी रेघ नसेल तर फार जुनं,
तेव्हा पत्ता सोडून पाठीवर काही लिहायची मुभा नव्हती.
कडा करवतीसारख्या असतील तर बरंच अलीकडचं.
तिकिटावर तांगा की सेंताव्ह, तेही बघावं,
तिकीट शिल्लक असेल तर.

एकशे बाराचं तिकीट कुणीतरी सोलून नेलंय.
शिक्क्याचा अर्धा चंद्र कार्डावर राहिला: केपें, दोन अगोस्त.
साल तिकिटाबरोबर गेलं.
पत्ता लोरेन्सु मार्किशचा. मजकूर दोन ओळींचा,
पाद्रीनं वाचून दाखवला:
आई बरी आहे. पायाचं माप पाठव.

पुढच्या बाजूला केपेंची जुनी कचेरी.
दोन्हीकडून चढणाऱ्या सारख्याच पायऱ्या,
डावीकडे चिंच, तिची एक फांदी दारावर आलेली,
आणि छत्री काखेत धरून उतरणारा कोटवाला.
विजेचा खांब नाही.
वीज कधी आली, हे तिघांना विचारलं,
तीन उत्तरं मिळाली, एक तर रागानं.

सावल्या उजवीकडे पडलेल्या,
कचेरीचं तोंड दक्षिणेला.
म्हणजे ऊन पश्चिमेचं.
मी पेन्सिलीनं लिहिलं: संध्याकाळ.
कोटवाला काम आटोपून घरी निघालाय
असं मी अकरा वर्षं धरून चाललो.
त्याच्या खांद्यांत मला थकवासुद्धा दिसायचा.

एर्मेलिंदाबायला दाखवलं होतं एकदा.
नव्वदीची. डोळ्यांत फूल.
कार्ड नाकाशी नेऊन म्हणाली,
चिंच पलतडी आशिल्ली, बाबा.
मी हो हो म्हटलं,
तिनं दिलेला पेरू खिशात घातला,
आणि वहीत लिहिलं: साक्ष भरवशाची नाही, वय.

परवा पँटची चेन बदलायला उझेबियो शिंप्याकडे गेलो.
वही काउंटरवर उघडी राहिली.
त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला,
सुई ओठांत, तशीच धरून म्हणाला,
हो कोट कोणेंय दादल्यान घालचो ना.
बटणां बायलांचे वटेन.
मग खिशावर बोट ठेवलं. खिसा उजव्या छातीवर.

घरी येऊन कार्ड दाढीच्या आरशासमोर धरलं.
चिंच पलीकडे गेली.
सावल्या पलीकडे गेल्या.
कोटाची बटणं पुरुषाची झाली.
कुण्या छापखान्यात कुणीतरी काच उलटी ठेवली होती,
आणि सारख्या पायऱ्यांनी ती चूक इतकी वर्षं झाकली.

दारावर एक डाग होता.
मी त्याला ओल समजायचो, बुरशी समजायचो.
आरशात त्याचे आकडे झाले: एक, नऊ, तीन,
आणि चौथा
चिंचेच्या फांदीआड.

बांधल्याचं साल ते. फोटो त्याच्या आधीचा नाही,
एवढंच सांगता येतं.
बराच वेळ मी मान वाकडी करून
फांदीच्या मागे बघायचा प्रयत्न करत होतो,
मीटरच्या झाकणाखाली बघावं तसा.

एर्मेलिंदाबायला जाऊन दोन पावसाळे झाले.

पेन्सिलीचं लिखाण खोडरबरानं पुसलं.
कागद जुना, थोडा सोलला.
त्यावर शाईनं लिहिलं:
केपें. १९३– किंवा नंतर.
सकाळ. माणूस कचेरीतून बाहेर पडतोय, घरी नाही,
कुठं ते माहीत नाही.
चिंच उजवीकडे.
माहिती: एर्मेलिंदाबाय.